गवताखालची जमीन

समुद्रात गवत असतं असं म्हटलं की आमच्या नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे शेवाळ का गं?" तर नाही. शेवाळ वेगळं. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं नसतात, ते दगडाला चिकटून राहतं. मी म्हणतेय ती खरीखुरी फुलं येणारी वनस्पती आहे. मूळ, खोड, पान, फूल, बी, सगळं साग्रसंगीत, आणि सगळं पाण्याखाली. परागकणसुद्धा वाऱ्यावर किंवा मधमाशीच्या पायावर न जाता पाण्यातूनच वाहत जातात. हिचे पूर्वज जमिनीवर वाढायचे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी ते परत खाऱ्या पाण्यात गेले. जगात मिळून अशा साठ-सत्तर जाती. नात्यानं त्या आपल्या हरळीच्या घरातल्या नाहीत, पण दिसतात आणि वागतात गवतासारख्याच. म्हणून आपणही गवतच म्हणू.

मी राहते त्या व्हर्जिनियात, अटलांटिकच्या काठाला, यातलं एक गवत आहे. नाव ईलग्रास, शास्त्रीय नाव झोस्टेरा मरिना. पानं रिबिनीसारखी, बोटापेक्षा अरुंद. इथे मुख्य जमिनीपासून काही अंतरावर समुद्रात वाळूच्या लांबट बेटांची एक रांग आहे. बेटं आणि जमीन यांच्यामध्ये जे उथळ पाणी कोंडलंय त्यात हे गवत वाढतं. भरतीला छातीएवढं, ओहोटीला गुडघ्याएवढं पाणी. आपल्या खाडीच्या तोंडाशी असतं तसंच, फक्त माड नाहीत आणि पाणी जास्त थंड.

आता गोष्ट ऐका.

१९३० च्या सुमाराला अटलांटिकच्या दोन्ही काठांवर या गवताला रोग लागला. पानांवर काळे डाग पडायचे आणि झाड मरायचं. बुरशीसारखा दिसणारा एक सूक्ष्मजीव त्यामागे होता, हे नंतर कळलं. तीन-चार वर्षांत अटलांटिकमधलं जवळजवळ नव्वद टक्के ईलग्रास गेलं. त्यातून इथे जे काही उरलं होतं ते ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळानं उपटून नेलं. हे गवत खाऊन जगणारा ब्रँट नावाचा हंसाच्या जातीचा पक्षी आहे, त्याची संख्या धाडकन खाली आली. स्कॅलप नावाचा पंख्याच्या आकाराचा शिंपला इथून दूरदूर विकायला जायचा. तो धंदा बसला तो बसलाच.

त्याच वादळांनी हॉग आयलंड या बेटावरचं ब्रॉडवॉटर नावाचं गाव उठवलं. दोन-अडीचशे लोकांची वस्ती, शाळा, चर्च. किनारा सरकत सरकत दारात आला, तेव्हा लोकांनी घरं अक्षरशः तराफ्यांवर चढवली आणि मुख्य जमिनीवर आणून ठेवली. त्यातली काही घरं अजून उभी आहेत. गाव गवतामुळे उठलं असं मी म्हणत नाही. ही वाळूची बेटं मुळातच सरकणारी. पण एकाच दशकात पायाखालची जमीन गेली, पाण्याखालचं गवत गेलं आणि पोटापाण्याचा शिंपला गेला, असं त्या माणसांच्या वाट्याला आलं.

त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं तिथे गवत उगवलं नाही. रोग केव्हाच ओसरला होता. पाणी तेच, ऊन तेच. मग का नाही?

याचं उत्तर कळायला गवत काय करतं ते बघायला हवं. आपल्याकडे पहिल्या पावसात वहाळाचं पाणी कसं लालभडक होतं! सड्यावर जिथे गवत नाही तिथली माती सुटून खाली येते. श्रावणापर्यंत सगळीकडे हिरवं झालं की तोच वहाळ स्वच्छ वाहतो. समुद्रातही तसंच, फक्त तिथे उतार नाही. माती हलवायला लाटा आणि भरती-ओहोटी आहेत. उघड्या तळावरून लाट गेली की बारीक गाळ वर उठतो, पाणी गढूळ होतं. गवत असेल तर हजारो पानं त्या पाण्याला अडवतात. पानांच्या आत पाणी जवळजवळ थबकतं. थबकलं की त्यातला गाळ खाली बसतो. एकदा बसला की पानांच्या आडोशानं पुन्हा उठत नाही. आणि खाली मुळांची आणि आडव्या खोडांची जाळी असते, ती त्या गाळाला विणून टाकते.

गाळ बसला म्हणजे पाणी नितळ झालं. नितळ झालं म्हणजे तळापर्यंत ऊन पोचलं. ऊन पोचलं म्हणजे गवत आणखी वाढलं. म्हणजे गवत स्वतःला लागणारी जमीन स्वतःच तयार करतं, आणि स्वतःला लागणारं ऊनही. पण हेच चक्र उलटं फिरतं तेव्हा काय होतं बघा. गवत गेलं, गाळ सुटला, पाणी गढूळ, ऊन कमी, आणि रोपाला जीव धरायला जागा नाही. अगदी उथळ पाण्यात गवत कसंही करून परत येऊ शकतं. पण थोडं खोल गेलं की तीच जागा दोन्ही प्रकारे राहू शकते. गवत असेल तर गवताची, नसेल तर उघड्या गाळाची. जे आहे ते स्वतःला टिकवून धरतं.

दुसरी अडचण बियांची. बाजरीच्या दाण्याएवढं बी, पण ते पडल्या जागेपासून काही मीटरच सरकतं. तळाच्या बारीकसारीक खळग्यांत अडकतं. जवळपास गवतच उरलं नाही तर बी येणार कुठून?

हे सगळं आज लिहायला बसले त्याला एक कारण आहे. गेल्या महिन्यात गावाहून दादाचा (चुलतभावाचा) फोन आला. खाडीकडच्या शेताची मेर दर पावसाळ्यात फुटते. खेकडे पोखरतात, खांड पडते, खारं पाणी आत शिरतं. एकदा शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात धड होत नाही. त्याचं म्हणणं, जेसीबी लावून ती सगळी मेर खरवडून काढू. त्यावरची हरळी, निगडी, केवडा, सगळं साफ. आणि सरळ सिमेंटची भिंत घालू. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून माझी संमती पाहिजे. आणि खर्चात वाटाही.

फोनवर मी एवढंच म्हटलं, "विचार करून सांगते." दादाला ते आवडलं नसणार. जुलैत रात्री दोन वाजता कंदील घेऊन खांड बुजवायला तो जातो, मी नाही. हे मला पक्कं माहीत आहे. तरी विचार करायला वेळ मागितला, कारण फोन ठेवताना डोळ्यांसमोर आलं ते हे समुद्रातलं गवत.

ते मी हातात धरलेलं आहे. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स या संस्थेच्या लोकांना १९९७ मध्ये साउथ बे नावाच्या उथळ उपसागरात ईलग्रासचा एक छोटासा तुकडा उगवलेला दिसला. म्हणजे इथे जगू शकतंय! फक्त बी पोचत नव्हतं. मग त्यांनी दुसरीकडून बी गोळा करून पेरायला सुरुवात केली. पुढे साउथ बेमध्येच इतकं गवत झालं की बी तिथूनच मिळायला लागलं. वसंतात बी धरलेले तुरे खुडायचे, टाक्यांत वाहत्या समुद्राच्या पाण्यात ठेवायचे, बी गळून खाली बसलं की वेगळं करायचं आणि शरद ऋतूत होडीतून हातानं फेकायचं. आपल्याकडे नाचणी फेकतात तसंच! शंभरातल्या पाच-दहा बियाच रुजतात. तुरे खुडायला माणसं लागतात, म्हणून 'द नेचर कन्झर्व्हन्सी' या संस्थेबरोबर ते गावकऱ्यांना, हौशी लोकांना बोलावत. २०१८ च्या मे अखेरीला ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर मीही गेले.

चेसापीक बेवरचा तो अठ्ठावीस किलोमीटरचा पूल-बोगदा ओलांडला, ऑयस्टर नावाच्या चिमुकल्या गावातून होडी पकडली. रबरी पोशाखात स्वतःला कोंबण्यात माझी निम्मी शक्ती खर्च झाली. त्या अवतारातला फोटो आईनं बघितला आणि म्हणाली, "ही कोणती मगर?" असो.

आमच्या होडीवर पीएचडी करणारी एक मुलगी होती. तिनं आम्हाला लगेच कामाला लावलं नाही. आधी गवताच्या बाहेर उभं केलं. पायाखाली वाळू, तिच्यावर लाटांच्या सुरकुत्या. पाऊल उचललं की वाळू निसटायची. मग म्हणाली, चार पावलं आत या. आत पायाखालचा तळच बदलला. वर साय असावी तसा मऊ गाळ आणि त्याखाली घोंगडीसारखं घट्ट काहीतरी. ती मुळांची जाळी. टाच रुतवली तर कुजक्या अंड्यासारखा वास आला. त्या गाळात खाली प्राणवायू नसतो, त्यामुळे असा वायू तयार होतो, आणि तो मुळांना विषारी असतो. गवताची युक्ती अशी की पानांत तयार झालेला प्राणवायू ते आतल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत नेतं आणि थोडा भोवतालच्या चिखलात सोडतं. मुळाभोवती पातळ थर का होईना, राहण्याजोगा होतो. उष्ण प्रदेशातल्या काही सागरी गवतांमध्ये एक जातीची शिंपली मुळांपाशी राहते. तिच्या कल्ल्यांत असे जिवाणू असतात की ते हा विषारी वायूच वापरून जगतात. गवत शिंपलीला प्राणवायू देतं, शिंपली गवताचं विष उतरवते. शेजारधर्म!

मग तोंडाला नळी लावून मी डोकं पाण्यात घातलं. पानांवर तपकिरी लव होती, त्यावर चरणाऱ्या इवल्याशा गोगलगाई आणि झिंग्यासारखे किडे. हे किडे त्या पानांची झाडलोट करतात. ते नसतील तर लव वाढून पानांना ऊन मिळणार नाही. नळीसारखा एक मासा पानांमध्ये उभा राहून पान असल्याचं सोंग करत होता. निळ्या खेकड्यांची नखाएवढी पिल्लं. गाळाखाली आणखी वेगळी वस्ती, नळ्या करून राहणारे सागरी किडे, शिंपल्या. आता बघा, खेकडा शिंपल्या उकरून खातो. उघड्या वाळूत त्याला ते सोपं जातं. पण गवतात त्या मुळांच्या घोंगडीत त्याच्या नांग्या अडकतात, म्हणून तिथे शिंपल्या जास्त वाचतात. स्कॅलपचं पिल्लू तर आणखी हुशार. ते रेशमासारख्या धाग्यानं स्वतःला पानाला बांधून घेतं आणि तळापासून उंच, खेकड्याच्या हाताबाहेर राहतं. गवत गेलं तेव्हा स्कॅलप का गेला ते तिथे डोळ्यांनी कळलं.

आणि जो गेला आणि परत आलाच नाही असाही एक जीव आहे. उत्तरेकडे, लॅब्राडोरपासून न्यूयॉर्कच्या बाजूपर्यंत, एक लहानशी टोपीसारख्या कवचाची गोगलगाय होती. ती फक्त ईलग्रासच्या पानावरच राहायची, तेच खायची. रोगाच्या काळात थोडं गवत नद्यांच्या मुखाशी, कमी खाऱ्या पाण्यात तगलं. पण या गोगलगाईला कमी खारं पाणी सोसत नव्हतं. तिला तिकडे जाता आलं नाही. १९२९ नंतर ती जिवंत सापडलेली नाही. ती संपली हे शास्त्रज्ञांनी छापून सांगितलं १९९१ मध्ये. साठ वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. घर पडतं तेव्हा आपण घर मोजतो. वळचणीला कोण राहत होतं ते कुठे मोजतो?

व्हर्जिनियातल्या पेरणीचा हिशेब २०२० मध्ये रॉबर्ट ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. वीस वर्षांत ७ कोटींहून जास्त बिया. प्रत्यक्ष पेरलेली जागा २०० हेक्टरांहून थोडी जास्त, आणि गवत पसरलं ३,६०० हेक्टरांवर. म्हणजे बहुतेक काम गवतानंच केलं, माणसांनी फक्त सुरुवात करून दिली. पाणी नितळलं, मासे आणि बारीक जीव वाढले, स्कॅलप आणून सोडले ते टिकायला लागले. आणि ज्या तळाची पूर्वी झीज होत होती तिथे बारीक गाळ साठायला लागला. पानं-मुळं कुजून त्यातला कार्बनही त्या गाळात गाडला जाऊ लागला. दहा-बारा वर्षांत हे गाडण्याचं काम जुन्या नैसर्गिक कुरणांच्या बरोबरीनं चालू झालं.

हे वाचून सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. हा प्रयोग इथे जमला कारण या भागात मोठी नदी येऊन मिळत नाही, त्यामुळे शेतातलं खत आणि माती कमी येते. पलीकडे चेसापीक बेमध्ये पाणी गढूळ, तिथे याच गवताची दमछाक चालते. आणि २०१५ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की साउथ बेमधलंही बरंच गवत मेलं. गवत मेलं तिथला साठलेला कार्बनही थोडा निसटला. मुळं काही प्रमाणात जिवंत होती, आजूबाजूला बी होतं, म्हणून तीनेक वर्षांत ते सावरलं. मी गेले तेव्हा ते नुकतंच सावरलेलं होतं, हे मला नंतर वाचताना कळलं.

आपल्याकडे असतं का, हा पुढचा प्रश्न. असतं तर! तमिळनाडूच्या पाल्कच्या सामुद्रधुनीत मोठी कुरणं आहेत, त्यावर चरणाऱ्या डुगाँगसाठी, म्हणजे समुद्रगाईसाठी, २०२२ मध्ये तिथे संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. लक्षद्वीपच्या उथळ पाण्यातही आहेत. कोकण-गोव्याच्या समुद्राला पावसाळ्यात इतका गाळ येतो की मोठी कुरणं होत नाहीत, पण काही खाड्यांच्या चिखलात हॅलोफिला नावाचं इवल्या पानांचं गवत उगवतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा दिसतं. दिसलं तरी आपण त्याला शेवाळच म्हणतो.

तर दादा, आता तुझ्याशी बोलते. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल, सगळे घरचेच आहेत.

समुद्र आणि मेर एक नव्हे, हे मला कळतं. मेरेला गाळ येऊन मिळत नाही, ती माणसांनी घातलेली आहे. तुझे खेकडे निगडीच्या मुळांना भीक घालत नाहीत हेही तू दरवर्षी बघतोस. पण मला एक सांग. पन्नास-साठ वर्षं ती मेर नुसत्या मातीची आहे. तीन बाजूंनी पाणी लागतं. मग ती उभी कशी आहे? कुठेतरी चार-पाच ठिकाणी फुटते, बाकीची सगळी लांबी कोण धरून ठेवतंय? ती खरवडून काढलीस आणि भिंतीचं काम काही कारणानं जूनपर्यंत पुरं झालं नाही, तर पहिल्याच उधाणाला शेत आणि खाडी एक होईल. हरळी पुन्हा लावू म्हणशील, पण तिला धरायला माती राहायला हवी ना. भिंत झाली तरी तिच्या पायाखालची माती कोण धरणार?

जे धरून ठेवणारं आहे ते काढायला एक दिवस पुरतो. परत आणायला इथल्या लोकांना सत्तर वर्षं वाट बघून वर ७ कोटी बिया पेराव्या लागल्या, आणि तेही पाणी नितळ होतं म्हणून जमलं. मला एवढंच कळलंय, त्यापुढची मेरेची अक्कल तुझीच.

माझं म्हणणं असं. या पावसाळ्यात खांड जिथे जिथे पडेल तिथे खूण करून ठेव, फोटो पाठव. मागच्या वर्षीच्या जागा आठवत असतील तर त्याही. जिथे वारंवार पडते तेवढ्या जागा पावसाळा सरल्यावर दगड-सिमेंटनं बांधू, आणि मधल्या लांबीला हात लावायचा नाही. जिथे गवत विरळ झालंय तिथे शेजारचंच आणून लावू. बंधाऱ्याची कामं बघणारा कुणी इंजिनिअर तालुक्याला असेल तर त्यालाही एकदा आणून दाखव. तो संपूर्ण भिंतच हवी म्हणाला तर मी पुन्हा विचार करीन.

सिमेंटचे पैसे मी पाठवते. सध्या खांडीपुरतेच.